डाव्या हाताची रेस

राहुरीहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, सोनईत, एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. शनिवारी आणि शनी अमावास्येला देवाला निघालेल्यांच्या गाड्या, गळीत हंगामात मुळा कारखान्याला ऊस ओढणारे ट्रॅक्टर, एरवी गावच्या मोटारसायकली. हाताला उसंत नसे. पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते एका स्कूटरमुळे. स्कूटर एका निवृत्त हवालदाराची. सगळं गाव त्याला फौजी म्हणे.

फौजीची नोकरी सियाचीनवर झाली होती. एप्रिल 1984 मध्ये ऑपरेशन मेघदूत झालं, तेव्हापासून आपलं सैन्य त्या हिमनदीवर आहे. थंडी उणे पन्नासाच्या घरात जाते. रॉकेल, शिधा, कधी आजारी पडलेला जवान, हे सगळं स्नो स्कूटरमागे बांधलेल्या घसरगाडीवरून न्यायचं. या गाडीला पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा. मूठ पिळायची नाही; उजव्या मुठीजवळची पट्टी अंगठ्याने दाबली की रेस मिळते. ब्रेक डाव्या हाताला. एकदा पट्ट्यात अडकलेला दोर सोडवताना फौजीने हातमोजा काढला, आणि उजवा अंगठा व शेजारचं अर्धं बोट हिमबाधेत गेलं.

गावी आल्यावर त्याने नवी स्कूटर घेतली आणि मिस्त्रीला म्हणाला, "रेस डावीकडं करून दे."

"आधी आरटीओचा कागद आणा," मिस्त्री म्हणाला. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे परवानगी लागते. असा कागद आणायला सांगणारा मिस्त्री विरळा, आणि खरोखर आणणारं गिऱ्हाईक त्याहून विरळा. फौजीने आणला.

मिस्त्रीने लेथवर डावी मूठ घडवली, दुसरी वायर ओढली. उजवी रेस मात्र तशीच ठेवली. "असू द्या, कधी लागली तर." काम देखणं झालं. हंगाम संपला होता, उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मैदान मोकळं होतं. फौजी निघाला, शंभर पावलं नीट गेला, आणि एक कुत्रं आडवं आलं. त्याने सवयीने डावी पट्टी दाबली. अलीकडच्या बऱ्याच स्कूटरला डावी पट्टी दाबली की दोन्ही चाकांचे ब्रेक एकदम लागतात. पण दचकून आवळलेला हात पट्टी ओढताना मूठही पिळून बसला. ब्रेक आणि रेस एकाच वेळी. फौजी धुळीत, स्कूटर त्याच्या पायावर.

मिस्त्री वायर तपासायला लागला. फौजी गुडघा चोळत म्हणाला, "वायर बरोबर आहे, मिस्त्री. आमच्या बापानं घोडेगावच्या बाजारातून बैल आणला होता. आयुष्यभर उजव्या अंगाला चाललेला. आम्हाला डावीकडं हवा होता. जनावर गुणाचं, पण जू मानेवर आलं की उजवीकडं सरकायचं, जोडीदाराला ढकलायचं. बापानं पंधरा दिवस त्याला नुसतं मोकळं फिरवलं, मागं गाडी नाही की औत नाही. तू माझ्या हाताला नवं काम दिलंस. जुनं काम काढून कुठं ठेवलंस?"

हा प्रश्न मिस्त्रीला झोंबला, कारण उत्तर नव्हतं. दोन दिवस त्याने स्कूटरला हात लावला नाही. मग उजवी रेस पार काढून टाकली. डाव्या हाताची ब्रेकची पट्टी काढली आणि तो ब्रेक उजव्या पायाखाली नेला. जुन्या बजाज चेतकला मागचा ब्रेक पायातच असायचा, तो त्याने लहानपणापासून उघडून पाहिला होता. उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची पट्टी ठेवली. ती ओढायला अंगठा लागत नाही, उरलेली बोटं पुरतात. बदललेलं सगळं कागदावर चढवायला फौजी पुन्हा आरटीओत गेला, कुरकुरत. मग सराव. आधी स्टँडवर, मग मैदानात, मग रस्त्यावर, तेही शनिवार टाळून.

मिस्त्रीचा भाचा अमेरिकेत आयडाहो राज्यात संगणकाच्या नोकरीत होता. तिथे हिवाळाभर डोंगरात बर्फ, आणि त्याला स्नोमोबाईलचं, म्हणजे फौजीच्या त्या स्नो स्कूटरचं, वेड लागलेलं. एका रविवारी त्याने व्हिडिओ कॉल केला. "मामा, इथं डोंगरात चालवणारे काही जण डाव्या हाताला आणखी एक रेस बसवून घेतात. तुम्ही तर केलंय ते काम. घेऊ का मी?"

"घे की!" मिस्त्री खुलला. "पाठव फोटो, इथं बनवून देतो."

फौजी बाजूलाच चहा पीत होता. त्याने फोन हातात घेतला. "डोंगर उजव्या हाताला असला की अडतं ना तुझं?"

भाचा चकित झाला. चढाला आडवं जायचं तर गाडी चढाच्या अंगाला कलती ठेवावी लागते, आणि रेस एकसारखी. ती तुटली की गाडी मऊ बर्फात बसते. डोंगर डाव्या हाताला असला तर उजवा हात वर, मोकळा राहतो. उजव्या हाताला असला की तोच हात खाली बर्फाजवळ दबतो आणि अंगठा अवघडतो.

"मग तसा चढ आला की करतोस काय?"

"वळसा घालून दुसऱ्या बाजूनं जातो, काका."

"हं. आणि उजवी रेस काढून टाकतात का?"

"नाही. दोन्ही राहतात. ब्रेकही डावीकडंच."

फौजीने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पाना पुसायला लागला.

"दुसरी वायर म्हणजे बर्फ धरायला दुसरी जागा," फौजी म्हणाला. "रेस अडकली तर इंजिन बंद करायची दोरी असते, ती अंगाला बांधतोस?"

भाचा गप्प. दोरी हँडलला गुंडाळलेली असे.

"ती आधी बांध. फुकट आहे."

अशा गोष्टींत म्हातारा माणूस बहुधा नव्या वस्तूला नाही म्हणतो आणि शेवटी तोच खरा ठरतो. फौजी नाही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "माझा अंगठा गेला, म्हणून मला काय हवं ते कळलं. तुझं काय अडतंय ते तुला नीट ठाऊक नाही. या हिवाळ्यात वळसा घालू नको. उजवा चढ आला की उजवाच घे."

भाच्याला राग आला. मामालाही थोडा आला. हातचं काम गेलं होतं. पण पोराने ऐकलं. जानेवारीभर तो पडत राहिला, गाडी खणून काढत राहिला. दोन्ही पाय चढाकडच्या फळीवर न्यायचे, अंगाचा भार डोंगराकडे टाकायचा, हे हळूहळू जमलं. उघड्या उतारावर अंगठ्याचं अवघडणं निम्म्याहून कमी झालं. अडचण हाताची कमी, उभं राहण्याची जास्त होती.

मार्चमध्ये पुन्हा फोन आला. या वेळी त्याने घेऊ का असं विचारलं नाही. "मामा, मोकळ्या चढाला काहीच लागत नाही. पण दाट झाडीत, उजव्या चढाला, गाडी अंगावर ओढायला उजव्या हातानं हँडलच्या मधला पट्टा धरावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच रेस हवी असते. फक्त तिथं."

"ब्रेकचं काय?" मिस्त्रीने विचारलं. या खेपेला तो आधी फौजीकडे बघत बसला नाही.

"पट्टी आखूड करून आत सरकवायची, दोन बोटांत येईल अशी. अंगठा सुटा राहतो. मोजमाप पाठवलंय."

मिस्त्रीने फोटो मोठा करून पाहिला, मोजपट्टी लावली, एका ठिकाणी दोन मिलिमीटर कमी करायला सांगितले. मग फोन फौजीपुढे धरला.

"बनव," फौजी म्हणाला. "आणि त्याला सांग, पहिले आठ दिवस सपाटीवर."