रजा न मिळालेला कर्णधार

10 मार्च 1928 रोजी भारताचा हॉकी संघ ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला निघाला, तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर निरोपाला मोजून तीन माणसं होती. निघण्याआधी मुंबईच्या संघाने त्यांना 3-2 असं हरवलंही होतं. मग कोण कशाला येतंय! ध्यानचंदांचा विषय निघाला की ही हकीकत हमखास सांगितली जाते. तिच्यात एक गोष्ट मात्र राहून जाते. संघाचा कर्णधार त्या बोटीवर नव्हताच. तो इंग्लंडात आयसीएसची उमेदवारी करत होता.

हा कर्णधार म्हणजे जयपालसिंग मुंडा, रांचीजवळच्या खुंटी भागातले, टकरा गावचे. जन्म 1903 चा. रांचीच्या मिशन शाळेतल्या मुख्याध्यापकांनी या मुंडा मुलाची हुशारी हेरली आणि त्याला विलायतेला नेलं. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात अर्थशास्त्र, हॉकीतलं मानाचं ‘ब्लू’, मग आयसीएसची निवड. त्या काळातल्या कुठल्याही हिंदी घराला याहून मोठं स्वप्न पडलं नसतं. त्यात संघाचं कर्णधारपद चालून आलं. त्यांनी खेळायला रजा मागितली, इंडिया ऑफिसने नाकारली, तरी ते गेले. परतल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की उमेदवारीचं वर्ष पुन्हा काढा. त्यांनी आयसीएसच सोडली.

या प्रसंगाला देशभक्तीचा मुलामा देण्याचा मोह मला होत नाही. एका पंचविशीतल्या तरुणाला खेळायचं होतं, एवढंही कारण पुरेसं आहे. विचार करायला लावते ती साहेबाची वागणूक. हिंदुस्थानच्या नावाने खेळणाऱ्या संघाचं नेतृत्व एका आदिवासीने करावं, याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती नकार मिळूनही जाण्याला. पुढे करायचं म्हणून पुढे केलेल्या माणसाने स्वतःचं काही ठरवलं, की कौतुक किती पटकन आटतं! हा अनुभव जयपालसिंगांना पुढे गोऱ्यांच्या राज्यातच आला असं नाही.

संघ निम्म्याहून अधिक अँग्लो-इंडियन होता: गोलकीपर रिचर्ड ॲलन, हॅमंड, पिनिगर. ॲमस्टरडॅमला पाच सामन्यांत भारताने 29 गोल केले. स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यांतले 14 ध्यानचंदांचे. जयपालसिंग फुल-बॅक. गोल करणाऱ्याचं नाव फलकावर लागतं. न झालेल्या गोलांचा हिशेब कोण ठेवतो? तोही ठेवला, तर श्रेय गोलकीपरला जातं. आणि 26 मे रोजी हॉलंडला 3-0 हरवून सुवर्णपदक आलं, त्या दिवशी जयपालसिंग मैदानावर नव्हते. नेतृत्व पिनिगरकडे होतं. अँग्लो-इंडियन खेळाडूंशी बिनसलं असं कुणी म्हणतं, व्यवस्थापनाशी पटलं नाही असं कुणी. मला यात नवल वाटत नाही. एका रंगाचा पोशाख घातला म्हणून माणसं एक होत नाहीत, आणि तो संघ तर वसाहतीतल्या सगळ्या उतरंडी सोबत घेऊनच खेळत होता.

नंतर तेलकंपनीतली नोकरी, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला आणि रायपूरला शिक्षकी, बिकानेर संस्थानातलं पद. ही वर्षं मी झरझर ओलांडतो, कारण त्यांचा खरा दुसरा डाव 1939 च्या सुमारास आदिवासी महासभेच्या अध्यक्षपदापासून सुरू होतो. 19 डिसेंबर 1946 ला ते संविधान सभेत बोलायला उभे राहिले. ऑक्सफर्डच्या इंग्रजीत त्यांनी स्वतःला बेधडक ‘जंगली’ म्हणवून घेतलं आणि सभागृहाला सुनावलं, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. हजारो वर्षं आमचं शोषण करणारे बाहेरून आलेलेच होते, हेही सांगून टाकलं. पुढे दारूबंदीचं कलम चर्चेला आलं तेव्हा गांधींच्या नावाचा केवढा दरारा होता! तरी त्यांनी विरोध केला. तांदळाची दारू आमच्या पूजेत आहे, सणात आहे, ती बंद करणारे तुम्ही कोण, असा त्यांचा रोख होता. सोवळ्या सभागृहात असं बोलायला नुसतं वक्तृत्व पुरत नाही.

म्हणून त्यांची नंतरची चाल मला अधिक खटकते. 1950 मध्ये त्यांनी झारखंड पक्ष काढला. 1952 च्या निवडणुकीत तो बिहार विधानसभेत मुख्य विरोधी पक्ष झाला. वेगळ्या झारखंड राज्याची मागणी राज्य पुनर्रचना आयोगाने मानली नाही, पक्षाचं बळ ओसरत गेलं, आणि 1963 मध्ये जयपालसिंगांनी तो काँग्रेसमध्ये विलीन केला. आतून काही पदरात पाडून घेता येईल, हा हिशेब असावा. दिल्लीशी असे हिशेब मांडणारे ते पहिले नव्हते आणि शेवटचेही नाहीत. ज्यांनी पक्षाच्या कोंबड्याच्या चिन्हाला मतं दिली होती, त्यांना मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडलं, असंच मला वाटतं. आयसीएस सोडताना किंमत त्यांनी एकट्याने मोजली होती. इथे ती इतरांना मोजावी लागली. 20 मार्च 1970 रोजी ते गेले. झारखंड राज्य झालं ते तीस वर्षांनी, पुढच्या पिढ्यांच्या लढ्यातून.