एका हातात एकच कंकण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असे मंडळींनी सांगितले. मी काही कीर्तनकार नव्हे. बी.कॉम. झालो आणि बँकेत कारकुनी केली, एवढेच. पण काउंटरमागे बसून एक गोष्ट वारंवार पाहिली. दोन भाऊ हसत येऊन दुकानाचे खाते उघडायचे. काही वर्षांनी त्यातला एकच जण अर्ज घेऊन यायचा, 'या खात्यावरचे व्यवहार थांबवा.' त्या अर्जावर शिक्का मारताना हात जड व्हायचा. तीच वेळ माझ्याही घरावर येईल, असे वाटले नव्हते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात एक कुमारिका आहे. आईवडील बाहेर गेलेले, घरी पाहुणे आले. ती आत भात कांडू लागली, तशी हातातली कंकणे वाजू लागली. तिला संकोच वाटला. तिने कंकणे कमी केली. दोन राहिली, तरी आवाज होईच. प्रत्येक हातात एकच ठेवले, तेव्हा शांत झाले. अवधूतांनी यातून एकांताचा बोध घेतला. आपण संसारी माणसे. आपण एवढे घ्यावे, की एकाच कामात दोघांचे हात पडले की खणखणाट होणार. कंकणे वाईट नसतात, जागा एक असते.

आमच्या वडिलांचे किराणा दुकान होते. ते गेल्यावर दादा ते सांभाळू लागला. मी नोकरदार, पण शिकलेला! दर रविवारी जाऊन चोपडी उघडायची आणि चुका काढायच्या. साखरेचे पोते मी कधी उचलले नाही. एका रविवारी गिऱ्हाइकांसमोर विचारले, "दादा, गल्ल्यातले पैसे जातात कुठे?" तो काही बोलला नाही. किल्ल्या माझ्यासमोर ठेवून घरी गेला.

नंतर वहिनींनी सांगितले, "भाऊजी, आईंची औषधं गल्ल्यातूनच येतात. ते कशाला लिहून ठेवतील?" मला भोवळ आली. तरीही मीपणा सुटेना. दोन वर्षे आम्ही बोललो नाही. शेवटी एका दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर मंदिरातच दादाच्या पाया पडलो. तो म्हणाला, "अरे, आधी प्रसाद घे."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघे बसलो आणि सगळे कागदावर आणले. दुकान दादाचे. गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींना दरमहा पगार. आईचा खर्च निम्मा-निम्मा. आणि बोलावल्याशिवाय मी चोपडीला हात लावायचा नाही.

औदुंबरला जाणाऱ्यांना भिलवडी ठाऊक आहे. भास्कर गणेश चितळे यांनी 1939 साली तिथे दुधाचा व्यवसाय उभा केला. पुढे भाऊसाहेब आणि राजाभाऊंनी पुण्यात मिठाईचे दुकान पाहिले, नानासाहेब आणि काकासाहेबांनी भिलवडीला दूध. चार भाऊ, पण कामे वाटलेली. त्याच भागात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्या थोर घराण्यातही 2009 च्या कौटुंबिक करारावरून वाद कोर्टात गेला, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. कोण बरोबर, हे बोलण्याचा मला अधिकार नाही. मी एवढेच शिकलो, की कागद हवाच, पण नुसता कागद पुरत नाही. त्यावर सही करणारी मनेही जपावी लागतात.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती. आपले हातपाय चालतात तोवर मुलांना, सुनांना समोर बसवा. कोणी काय पाहायचे, कोणाला किती मिळायचे, ते लिहा. लेकींनाही विचारा. घरखर्च आणि दुकानाचा पैसा एका गल्ल्यात ठेवू नका. चूक दाखवायची तर घरात, गिऱ्हाइकांसमोर नाही. "आमच्यात कसला आलाय हिशोब" असे म्हणणाऱ्या घरांचेच अर्ज मी जास्त घेतले.

हिशोब वेगळा केला म्हणून माया तुटत नाही. आता रविवारी मी दुकानात जातो ते चहाला. चोपडी दादाच पुढे सरकवतो, "बघ रे, बेरीज बरोबर आहे ना?"

दत्तमहाराज सर्वांच्या घरी अशी शांती नांदवोत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!