सरळ रेघ आणि पालखीची वाट

भाविकांचा भाव वाढत असेल, तर सांगितलेली गोष्ट खरी की खोटी हे पाहावे काय? सज्जनहो, हा प्रश्न माझ्यावरच येऊन पडला आहे.

गेल्या वर्षी आंजी (मोठी) येथील सप्ताहाआधी भाच्याने एक विलायती हकीकत सांगितली. हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांना १९२१ साली नकाशा पाहताना टेकड्या, उभे दगड, जुनी देवळे एका रेघेत दिसली. आदिकाळचे लोक टेकडीवरून टेकडी नजरेत धरून सरळ वाटा आखीत, असे त्यांनी १९२५ साली ग्रंथात मांडले. मग काय, आम्हीही पट्टी घेतली! एका टोकाला नागपूरजवळच्या जुनापाणीची लोहयुगातली दगडी वर्तुळे, दुसऱ्या टोकाला रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर. पेन्सिलीखाली दोन मारुती आणि एक माताय आली. मी नारदाच्या गादीवरून ठोकून दिले, ही हजारो वर्षांची सरळ वाट!

कौंडण्यपूरच्या पालखीबरोबर पंढरीला पायी जाणारा एक म्हातारा उठला. "बुवा, या रेघेवर पाणी कुठं हाये?" मी त्याला थट्टेवारी नेले. मांडव हसला. तो हात जोडून खाली बसला.

त्या रात्री झोप नाही. मारुती गावोगाव आहेत; पट्टी कशीही ठेवा, तीन देव सापडायचेच. वॉटकिन्सांना पुराणवस्तूंचे जाणकार हेच सांगतात, शिवाय एका रेघेवरचे दगड आणि देवळे निरनिराळ्या काळची. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी पट्टी घेऊन बसले नाहीत, पायी हिंडले. अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारे वेचीत त्यांनी वाट ताडली, आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त लिहिले की आळंदी-पंढरपूरचा पालखीमार्ग गुरांमागे ऋतुमानाप्रमाणे फिरणाऱ्या माणसांच्या प्राचीन वाटेने जातो. ते भाविक नव्हते. पण चारा-पाण्याचा विचार त्यांनी केला, म्हाताऱ्याने केला, मी केला नाही. आणि मी म्हणे व्याकरण शिकलेला! 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' धातूचा, नदी उतरून जाण्याची जागा. उतार सापडेल तिकडे वाट वळणारच.

कोणी शास्त्री म्हणतील, हा अर्थवाद. मन विधीकडे वळावे म्हणून केलेली स्तुती, तिचे अक्षर धरू नये. मान्य. पण स्तुती ही स्तुतीच आहे, हे ऐकणाऱ्यास कळत असते. मी तर सन सांगून, नकाशा दाखवून बोललो. कौंडण्यपूरची पालखी १५९४ पासून निघते अशी परंपरा आहे. एवढे जुनेपण मला का पुरले नाही? भाव वाढतो आहे असे मी समजत होतो. वाढत होता तो बुवांचा मान.

यंदाचा सप्ताह त्याच मांडवात आहे. पूर्वरंगाच्या आधी त्या रेघेचे बोलायचे ठरविले आहे. म्हातारा पुढे बसलेला असला तर बरे.