आजचं चिंतन : हॉल्टवरचं तिकीट



आज गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘उपद्रष्टा’ या शब्दापाशी थांबलो. देहातच राहून जवळून बघणारा. आपण त्याचा लगेच सीसीटीव्ही करतो : देव बघतोय हं, नीट वाग! मला मात्र एक हॉल्ट आठवला.

आमच्या पारोळ्याला रेल्वे नाही. सुरत–भुसावळ लाइनवरच्या अमळनेरला उतरायचं, मग वीसेक किलोमीटर एसटी. गेल्या वर्षी अमळनेरजवळच्या एका हॉल्टवर पॅसेंजर पकडली. हॉल्ट म्हणजे फलाट, एक खोली, एक कडुनिंब. स्टेशन मास्तर नाही, सिग्नल नाही. तिकिटं विकणाराही रेल्वेचा नोकर नसतो. कंत्राटावरचा एजंट, विक्रीवर मिळेल तेवढं कमिशन. गाडी उभी होती, खिडकीकडे न जाता मी चढलो. अमळनेरला कुणी विचारलं नाही. 10 रुपये वाचले.

जपानच्या खेड्यांत तर बिनमाणसांची स्टेशनं पुष्कळ. अनेक गाड्यांत चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना चिठ्ठी आणि भाडं पेटीत टाकायचं. ‘बघा तिथले लोक!’ असं म्हणायचा मोह होतो, पण पेटीशेजारी चालक बसलेला असतोच की.

‘वेळच नव्हता’ अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे कळलं, 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 55 आहे. तिकीट नसेल तर अधिकृत कर्मचाऱ्याची परवानगी घ्या, भाडं नंतर भरा. गार्ड शेवटच्या डब्यात होता. मी विचारलंच नाही.

आता गंमत बघा. श्लोकात उपद्रष्टाच्या पाठोपाठ ‘अनुमन्ता’ येतो, म्हणजे होऊ देणारा. तो टीसी नाहीच! त्याने मला चढू दिलं. मग पकडणारं कुणीच नसेल तर तिकीट का काढायचं?

त्याच अध्यायात थोडं पुढे म्हटलंय की परमेश्वर सगळ्या भूतांत सारखाच बसलेला आहे. इथे मी खरा अडकलो. माझ्या आत कोण बघतंय, याचीच मला काळजी. खिडकीमागे तिकिटं घेऊन बसलेल्याकडे मी बघितलंच नव्हतं. त्याचं कमिशन किती बुडालं असेल? काही पैसे. पण त्याचेच ना.

दिवाळीत परत त्या हॉल्टवर गेलो. दोन तिकिटं मागितली.

“दुसरं कोणाचं?”

“मागच्या खेपेचं.”

त्याला काही कळलं नसावं. “सुट्टे द्या भाऊ,” म्हणाला.