शाल खांद्यावर, वही रद्दीत

विजय दिवस आला की माजी सैनिकांना व्यासपीठावर बसवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या कार्यक्रमाला पळायचं. त्याच सैनिकाने आयुष्यभर जपलेली कात्रणांची वही मात्र, त्याची तेरवी आटोपली की रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. ही विसंगती आपल्याला खुपतसुद्धा नाही.

कामठीच्या एका निवृत्त हवालदारांची वही मी चाळली आहे. लांबट हिशेबवही, कणकेच्या खळीने डकवलेली कात्रणं, मधूनमधून करपल्यासारखी झालेली सेलोटेप. 1971च्या युद्धाची एक बातमी इतकी नेटकी कापलेली की पेपरचं नावही गेलं आणि तारीखही. 'लोकमत' दैनिक म्हणून नागपुरात निघालं 15 डिसेंबरला, ढाक्यातल्या शरणागतीच्या आदल्या दिवशी. 'तरुण भारत', 'हितवाद' आधीपासून होतेच. मग ही बातमी कुठली, कधीची? बातमीत नाव आहे एका अधिकाऱ्याचं. समासात पेन्सिलीने लिहिलंय, त्या रात्री दारूगोळ्याचा ट्रक कोणी हाकला ते. छापलेलं कुठल्या तरी ग्रंथालयात सापडेलही. पेन्सिलीचं दुसरीकडे कुठेच नाही.

कोणाचं नाव छापून येतं, हा प्रश्न महार सैनिकांना तरी नवा नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, महारांची 111वी पलटण उभी राहिली आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडावं लागलं. मधल्या वीस वर्षांत घरी बसवलेल्या त्या शिपायांची कैफियत प्रस्थापित पेपरांत कितीशी येणार? बाबासाहेबांना 1920 मध्ये 'मूकनायक' काढावा लागला तो उगाच नव्हे. अशा घरांत दोन ओळींचं कात्रणही सातबाऱ्यासारखं जपलं गेलं असेल तर नवल नाही.

म्हातारा माणूस वाढवून सांगतो, यावर विश्वास काय ठेवायचा, असं शहाणी मंडळी म्हणतात. सांगत असेलही. पण युद्धकाळातली बातमी तरी कुठे गाळणीतून न जाता येते? 1962च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. तेव्हा छापील आणि पेन्सिलीचं शेजारी ठेवून ताडून पाहावं. त्यात पराभव निघेल, रखडलेल्या पेन्शनचे अर्ज निघतील, शौर्याच्या भाषणात न बसणारं पुष्कळ निघेल. तेही ठेवावं.

या कामाला समिती नको, निधी नको. 1971मधला विशीतला जवान आज पंच्याहत्तरीला आला आहे. नातवाने मोबाइलवर पानापानाचे फोटो घ्यावेत, कात्रणांच्या पाठीमागचेसुद्धा. मागच्या अर्धवट सिनेमाच्या जाहिरातीवरून तारीख लागू शकते. टेप ओढून काढू नये, कागद सोबत येतो. फोटोतला प्रत्येक माणूस कोण, कुठल्या गावचा, हे आजोबांना विचारून मऊ पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहावं. आणि आजीलाही विचारावं. तो सीमेवर असताना कात्रणं कापून ठेवणारा हात अनेकदा तिचाच असतो.