मजुरी कातिबाची, जोखीम लेखकाची

लेखणीवर पोट भरावे की नाही, हा वाद जुना आहे. आमच्या मते त्यात वाद घालण्यासारखे फारसे काही नाही. प्रेमचंद १९३४ साली मुंबईत चित्रपटकथा लिहायला आले, त्यामागे छापखान्याचे आणि नियतकालिकांचे कर्ज होते. सआदत हसन मंटो यांनी ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रात नोकरी करताना नाटकांमागून नाटके लिहिली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. उर्दू छापखान्यातला कातिब तर पानामागे मजुरी घेऊनच आपले घर चालवत असे. यातल्या कुणाचीही कमाई कमअस्सल ठरत नाही. घाम जसा शरीराचा असतो, तसा तो बुद्धीचाही असतो.

म्हणून शब्दामागे पैसे देणाऱ्या संकेतस्थळांकडे आमची तरुण मुले-मुली वळतात, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे वाङ्मयीन नियतकालिकांचे मानधन बहुतेक वेळा अंकाच्या एका प्रतीवर आणि चार गोड शब्दांवर भागते. तालुक्याच्या गावी पदवी घेऊन बसलेल्या मुलीला घर न सोडता, कुणाची ओळख न काढता लिहिण्याचे काम मिळत असेल, तर ते तिने का करू नये? प्रश्न पैसे घेण्याचा नाही. त्या पैशाच्या बदल्यात आपण नेमके काय देऊन बसतो, हा प्रश्न आहे.

या धंद्याची रीत समजून घेतली पाहिजे. लोक इंटरनेटवर काय शोधतात, हे आधी यंत्र मोजते. त्या शोधावर जाहिरातीचे किती पैसे मिळतील, याचा हिशेब होतो. मग त्या हिशेबाला बसेल असे शीर्षक तयार होते आणि ते लिहायला माणूस शोधला जातो. म्हणजे सांगण्यासारखे काही आहे म्हणून लेख लिहिला जात नाही. जाहिरातीसाठी जागा हवी आहे म्हणून लिहिला जातो. अमेरिकेतली ‘डिमांड मीडिया’ ही कंपनी या रीतीचे ठळक उदाहरण. २००६ साली निघालेल्या या कंपनीच्या ‘ईहाऊ’ या संकेतस्थळासाठी हजारो माणसे घरबसल्या लिहीत. एका लेखाला साधारण १५ डॉलर मिळत. जानेवारी २०११ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले आणि मोठ्या वृत्तपत्रसंस्थांनाही हेवा वाटावा असा भाव त्यांना मिळाला. पुढच्याच महिन्यात गूगलने आपली शोधपद्धत बदलली. उथळ लेखांची पाने यादीत खाली ढकलली जाऊ लागली. कंपनीची घसरण सुरू झाली आणि तिच्याकडून लिहिणाऱ्यांना मिळणारे कामही आटले.

इतरांची गत फार वेगळी झाली नाही. ‘असोसिएटेड कंटेंट’ याहूने २०१० मध्ये विकत घेतले, त्याचे ‘याहू व्हॉइसेस’ झाले. २०१२ मध्ये तिथून साडेचार लाखांच्या आसपास लोकांची खाती आणि पासवर्ड चोरीला जाऊन उघड झाले. ते पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेले होते. २०१४ मध्ये ते संकेतस्थळच बंद झाले. ‘हीलियम’ही त्याच वर्षी मिटले. ‘बबलूज’ या संकेतस्थळाबद्दल लिहिणाऱ्यांचे पैसे थकल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०१५ मध्ये त्याचाही शेवट झाला. ज्यांनी आपल्या लेखांची प्रत स्वतःजवळ ठेवली नव्हती, त्यांचे लेखनही अशा वेळी हातचे गेले. छापलेला अंक बंद पडला तरी एखाद्या वाचनालयाच्या कपाटात धूळ खात राहतो. संकेतस्थळ बंद पडले की धूळही उरत नाही.

दुसरी जोखीम कराराची. आपण ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवतो, त्याखाली काय लिहिले आहे ते वाचत नाही. या बाबतीत अमेरिकेतल्या जोनाथन टॅसिनी या लेखकाचे दोन खटले बोलके आहेत. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टॅसिनी आणि त्यांच्यासारख्या मुक्त लेखकांच्या बाजूने निकाल दिला. छापील वृत्तपत्रासाठी दिलेले लेख लेखकांच्या परवानगीविना संगणकीय संग्रहात विकता येणार नाहीत, असे त्यात ठरले. पुढे ‘हफिंग्टन पोस्ट’ हे संकेतस्थळ २०११ मध्ये ३१.५ कोटी डॉलरना विकले गेले. तिथे फुकट लिहिणाऱ्यांना त्यातला वाटा मिळावा म्हणून टॅसिनी पुन्हा न्यायालयात गेले. २०१२ मध्ये तो दावा फेटाळला गेला. मोबदला नाही हे माहीत असताना तुम्ही लिहिलेत, आता तक्रार कसली, असा न्यायालयाचा सूर होता. पहिल्या वेळी लेखकाने हक्क दिलाच नव्हता. दुसऱ्या वेळी आपल्या हाताने सगळे देऊन टाकले होते. फरक एवढाच, पण तो कोट्यवधींचा.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बरेच काही सांगतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही ‘हे माझे आहे’ म्हणण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हा अधिकार किती मोलाचा आहे हे स्पष्ट केले. पण पलीकडची कंपनी परदेशी असेल, करारात तिथलेच न्यायालय लिहिलेले असेल आणि भांडण तीनशे रुपयांचे असेल, तर हा कायदा घेऊन जायचे कुठे?

तिसरी जोखीम सरळ फसवणुकीची. काम देण्याआधी ‘नोंदणी’ म्हणून पैसे मागायचे. नमुना म्हणून तीन-चार लेख फुकट लिहून घ्यायचे आणि मग मौन धरायचे. त्याहून वाईट म्हणजे काम दिल्यावर ‘तुमच्या मजकुरात चुका निघाल्या, करार मोडला’ असे सांगून वकिलाच्या नावाने खोटी नोटीस पाठवायची आणि दंड उकळायचा. अब्रूला भिणारी घरे अशा नोटिशीला फार घाबरतात आणि गुपचूप पैसे भरतात. काम देणाऱ्याने काम करणाऱ्याकडे पैसे मागितले की तिथेच थांबावे, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

हे सगळे नुकसान लिहिणाऱ्याचे झाले. आमच्या मते खरी जोखीम याच्याही पुढची आहे, कारण ती लिहिणाऱ्यावर नाही, वाचणाऱ्यावर येते.

समजा, वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराला शीर्षक मिळाले: ‘मधुमेही व्यक्तीने रोजा धरताना इन्सुलिन कसे घ्यावे?’ मुदत दोन तास, मोबदला अडीचशे रुपये. तो चार संकेतस्थळे उघडतो, वाक्ये उलटीपालटी करतो, सातशे शब्द भरतो. लेखावर त्याचे नाव नाही. रमजानच्या एका पहाटे सेहरीच्या वेळी कुणाची तरी मुलगी तो लेख वाचते आणि आईच्या सुईचे प्रमाण ठरवते. पुढे काही बिघडले तर जबाबदार कोण? संकेतस्थळ म्हणेल, खाली बारीक अक्षरात ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असे लिहिले होते. लिहिणारा म्हणेल, मी फक्त सांगितलेले काम केले. दोघांचीही सुटका झाली. अडकली ती मुलगी आणि तिची आई.

‘मी फक्त सांगितलेले काम केले’ हे वाक्य कातिबाच्या तोंडी शोभते. त्याच्यासमोर दुसऱ्याचा मजकूर असे, तो बरहुकूम उतरवणे एवढीच त्याची अमानत होती. तरीही जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी कातिब आपले नाव आणि तारीख लिहीत, चुकांबद्दल वाचकाची माफी मागत. आजच्या या कामात मजुरी कातिबाची मिळते आणि काम मात्र लेखकाचे करावे लागते. मत ठरवायचे, सल्ला द्यायचा, वाचकाला हे कर आणि ते करू नको असे सांगायचे. हे सगळे करून नाव आणि जबाबदारी दोन्ही बाजूला ठेवायची. नाव गेले याचे दुःख लेखकाला अहंकारापोटी होते, असे कुणी म्हणेल. पण नाव म्हणजे केवळ मिरवण्याची वस्तू नाही. ‘हे मी लिहिले आहे, चुकले तर मला विचारा’ असे वाचकाला दिलेले ते वचन आहे.

हे वचन नको असलेल्या बाजाराने पुढची पायरीही गाठली. नोव्हेंबर २०२२ पासून ‘सीनेट’ या अमेरिकी संकेतस्थळाने पैशाच्या व्यवहारांवरचे लेख यंत्राकडून लिहवून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते उघड झाले, तेव्हा ७७ पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्याच वर्षी ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या नामांकित मासिकाच्या संकेतस्थळावर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांची नावे आणि यंत्राने बनवलेले चेहरे सापडले. आधी माणूस ठेवून त्याचे नाव काढले होते; आता माणूस काढून नाव ठेवले. जो लेख कुणीही लिहिला तरी चालत होता, तो कुणीच न लिहिलाही चालू लागला, यात नवल नाही.

मग काय करावे? गरजवंताला ‘लिहू नकोस’ म्हणणे सोपे आहे आणि क्रूरही आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. करार वाचावा, प्रत ठेवावी, मोबदला आधी ठरवून घ्यावा, हे तर आहेच. त्याखेरीज प्रत्येक कामाआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या लेखाखाली माझे नाव छापले आणि वाचक उद्या माझ्या दारात येऊन उभा राहिला, तर मी त्याला तोंड देऊ शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर निनावी लेखही इमानाने लिहिता येतो, आणि त्याचा मोबदला अभिमानाने घेता येतो. उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्यावे. त्या दिवशी अडीचशे रुपये कमी मिळतील. अडीचशे रुपये ही गरीब घरात लहान रक्कम नाही, हे आम्ही जाणतो, आणि म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. पण आपल्या शब्दावर विसंबून औषध घेणाऱ्या अनोळखी माणसाचे आपण काही लागतो, एवढे लिहिणाऱ्याने विसरू नये.