कच्चे मडके : साधकाच्या आत्मशंकेविषयी

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव श्रीसंत गोरोबाकाकांचे समाधिस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. शके १२३९ (इ. स. १३१७) मधील चैत्र वद्य त्रयोदशीस ते समाधिस्थ झाले, असे मानले जाते. त्यांच्या थापटण्याची कथा प्रत्येक वारकऱ्यास ठाऊक असते. परंतु तिच्यातील एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. चारचौघांत जो 'कच्चा' ठरला, त्याने पुढे काय करावे?

परंपरा अशी सांगते की, संतमेळ्यात मुक्ताबाईंनी थापटण्याविषयी पृच्छा केली आणि गोरोबांनी एकेका संताच्या मस्तकावर ते हलकेच आपटून पाहिले. इतरांनी ते शांतपणे सोसले. नामदेव मात्र दुखावले, आणि गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. नामदेवांनी पंढरीस जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे मांडले. देवानेही तो निर्वाळा पालटला नाही. त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले.

नामदेव काही नवखे साधक नव्हते. देवाशी त्यांचे सख्य होते. म्हणूनच तो घाव खोल गेला. आत्मशंका पुष्कळदा वाटेच्या आरंभी येत नाही. आजवर पुरे पडलेले बळ पुढच्या चढणीस अपुरे ठरते, तेव्हा ती येते. अशा वेळी परीक्षकास मत्सरी ठरविणे सोपे असते. स्वतःस कुचकामी मानून वाट सोडणेही सोपे असते. नामदेव रडले, रुसले; पण उठून गुरूच्या शोधास निघाले.

कुंभाराच्या भाषेत 'कच्चे' म्हणजे 'वाईट' नव्हे. माती तीच असते. आव्यातील आच तेवढी उरलेली असते. प्राचीन काळी तगर नावाने प्रसिद्ध असलेल्या या गावच्या उत्खननांत शतकांपूर्वीची खापरे निघाली आहेत. भाजलेले मडके फुटले की त्याचे खापरच राहते, त्याची पुन्हा माती होत नाही. कच्चे मडके मात्र पाण्यात विरघळते आणि पुन्हा चाकावर चढू शकते. जे दौर्बल्य, तेच त्याचे भाग्यही आहे.

तथापि ओले मडके घाईने आव्यात घातले तर तडकते. ते आधी सावलीत वाळू द्यावे लागते. इतरांस पारखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. गोरोबांनी स्वतः पुत्रवियोगाची आच सोसली होती, असे परंपरा सांगते. त्यांचा हात हलका होता, तो बहुधा यामुळेच.

पुढे नामदेवांनी भागवत धर्माची पताका पंजाबापर्यंत नेली. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. पंढरीस मात्र ते महाद्वाराची पायरी होऊन राहिले. मस्तकावरील हलका आघात ज्यांना एकदा असह्य झाला, त्यांनी अखेर भक्तांचे चरण त्याच मस्तकी धारण केले.

परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी, नव्या घरात भांबावलेली सून, व्यवसायात खोट आलेला गृहस्थ, असे अनेकजण मनात 'मी कच्चा' हा सल घेऊन समाधीपुढे उभे राहतात. त्यांनी तो सल लपवू नये. आपले कच्चेपण ओळखून आव्याकडे वळणे, हीच पक्वतेची पहिली खूण होय.